त्यातली कुठली ओळ गाळू?

(बेळगावातल्या एका लोकसंगीत मंडळाच्या ओपन माईकच्या संध्याकाळी, गाणी सुरू होण्याआधी केलेलं भाषण. बोलले तसंच जवळजवळ ठेवलंय.)



मला पंधरा मिनिटं दिलीत. यादीत नावं भरपूर आहेत, डफ तापवून तयार आहे, तेव्हा वेळ पाळायचा प्रयत्न करते.

आज दुसऱ्या सत्रानंतर आपल्याला एक ठराव करायचाय. कागद दारातच सगळ्यांना मिळालाय. त्यावर एकच ओळ आहे: ‘मंडळाच्या ओपन माईकवर फक्त मराठी गाणी सादर करावीत.’ मी या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. ज्यांनी ठराव मांडलाय ते माझे मित्र आहेत. मोर्चात आम्ही शेजारी शेजारी चालतो, आणि उद्याही चालू.

गोष्ट कशावरून सुरू झाली ते बहुतेकांना ठाऊक आहे. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन महिन्यांपूर्वी याच माईकवर एक काकू गायल्या. त्यांचं नाव-गाव सांगत नाही. यल्लम्माचं गाणं होतं. त्या एक ओळ मराठीत उचलायच्या आणि मागं बसलेल्या दोघी पुढची कन्नडमध्ये झेलायच्या. मधेच उलटही व्हायचं. आपल्यातल्याच कुणीतरी मोबाईलवर त्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा घेतला आणि टाकून दिला. तुकडा नेमका कन्नड ओळीचा. खाली जे सुरू झालं ते मी वाचून दाखवणार नाही. एका बाजूनं ‘मराठीच्या कार्यक्रमात हे काय चाललंय’, दुसऱ्या बाजूनं ‘हिला धड कन्नड तरी येतंय का’. दोन्हीकडच्या पोरांनी काकूंच्या वयाचा मान ठेवला नाही. एवढ्यापुरती दोन्ही बाजूंची एकी झाली म्हणायची.

मग आपल्यात बैठक झाली, आवाज चढले, आणि त्यातून हा कागद आला.

आता ठराव मांडणाऱ्यांचं दुखणं. ते खरं आहे, आणि मी ते हलकं करणार नाही. आपल्या आजोबांना शेताचा उतारा शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावा लागतो. कचेरीत अर्ज दिला की खिडकीतून पहिला प्रश्न भाषेचा येतो, कामाचा नंतर. राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकतो की १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आली. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी असावा, वगैरे. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हेही कधीचं ठरलेलं आहे. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात. बाहेर येऊन बस स्टँडवर उभं राहिलं की वेगळं दिसतं. तेव्हा एखादा मित्र म्हणाला, की बाई, महिन्यातून एकदा, अडीच तास, एक खोली तरी पूर्ण मराठीची असू दे, तर त्याला मी काय चूक म्हणू? खोली मलाही हवी आहे. आमचं भांडण कुलूप कुठं लावायचं याचं आहे.

असा ठराव करणारं आपलं मंडळ पहिलं नाही. राष्ट्रवाद या विषयावर सेमिनार तयार करताना वाचत वाचत मी इंग्लंडातल्या फोक क्लबांपर्यंत पोचले. जरा तिकडं जाऊन येऊ, लगेच परत येणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं लोकगीतांची मोठी लाट आली. गावोगावच्या दारूच्या गुत्त्याच्या माडीवर, वरच्या खोलीत, आठवड्यातून एकदा लोक जमायचे. ब्रॅडफर्ड गावातला ‘टॉपिक’ नावाचा क्लब १९५६ साली सुरू झाला आणि अजून चालू आहे. जगातला सगळ्यात जुना चालू फोक क्लब म्हणून तो ओळखला जातो. (साल बघा. इकडं आपली वाटणी चालली होती, तिकडं ते गात होते.) या क्लबांची रीत अशी की पाहुणा गायक असो-नसो, श्रोत्यांतून उठून कुणीही एक-दोन गाणी म्हणायची. अशा गाणाऱ्यांना ‘फ्लोअर सिंगर’ म्हणतात. दारात नाव द्यायचं, आपली पाळी आली की उठायचं, बहुतेक ठिकाणी माईकही नाही, आणि ध्रुवपद आलं की सगळ्या खोलीनं साथ द्यायची. आपल्या भजनाची बैठक डोळ्यांपुढं आणा. विणेकरी बदलतो, टाळकऱ्यांतला कुणीही अभंग उचलतो, बाकीचे धरतात. ओपन माईक आपल्याकडे नवीन नाही. माईक तेवढा नवीन.

तर लंडनमध्ये युअन मॅकॉल नावाचा गायक होता. त्याच्या क्लबात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एक नियम आला: गाणाऱ्यानं आपल्याच भाषेतलं, आपल्याच परंपरेतलं गाणं म्हणावं. कारण काय, तर त्या वेळी इंग्लंडातली पोरं गिटार घेऊन अमेरिकेतल्या रेल्वेची, कापसाच्या शेतांची गाणी अमेरिकन उच्चार काढून म्हणायची. मॅकॉलची साथीदार पेगी सीगर स्वतः अमेरिकन. तिला ते ऐकून हसू यायचं. तर या दोघांचं म्हणणं, तुमच्या आजोळी गाणी नाहीत काय? आधी ती आणा.

या नियमानं एक चांगलं झालं. पोरं खरोखर घरी गेली. मासेमाऱ्यांची, खाणकामगारांची, जहाजावरची गाणी शोधून आणली. मॅकॉलनं आणि त्याच्या सोबत्यांनी तर बीबीसीसाठी १९५८ पासून इंजिन ड्रायव्हर, मच्छीमार, खाणकामगार यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून त्यांवर गाणी रचली. आपल्या ठरावातही हाच चांगला भाग आहे, हे मी मान्य करते. मागच्या वर्षीपर्यंत आपल्याकडे निम्मा वेळ सिनेमाच्या गाण्यांचा असायचा. गिटारवर तेच तीन कॉर्ड, तेच गाणं, नुसता मुलगा वेगळा.

पण नियमाला राखणदार लागतो. कोण कुठला, कुणाची परंपरा कुठली, हे कुणीतरी ठरवायला बसतं. मॅकॉल स्वतः जन्मला इंग्लंडातल्या सॅलफर्डला, आईबाप स्कॉटलंडचे, आणि गायचा तो स्कॉटिश गाणी. त्याच्याच नियमात त्याला कुठं बसवायचं? आईबापांकडून आलेली गाणी ती, असं तो म्हणू शकत होता, आणि ते बरोबरही होतं. म्हणजे शेवटी भाषा आणि देश बाजूला पडले आणि ‘गाणं तुझ्याकडं कुणाकडून आलं’ हाच प्रश्न उरला. मला वाटतं तो प्रश्न नियमापेक्षा फार चांगला होता. नियमामुळं पुढं कित्येक वर्षं भांडणं झाली. प्रश्न मात्र आजही कामाचा आहे.

आता परत येऊ बेळगावात. आपण हाच नियम घेऊन आपली गाणी चाळून बघू. विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलं हे उदाहरण मी देणार नाही, सीमाभागातल्या प्रत्येक भाषणात ते येतं आणि टाळ्या घेऊन जातं. जरा जमिनीजवळची उदाहरणं घेऊ.

शाहिरी घ्या. शाहीर पोवाडा म्हणतो, मागचे झीलकरी ‘जी जी’ करून सूर धरतात. हातात डफ, बाजूला तुणतुणं. इथून पूर्वेला चला, बैलहोंगलकडं. तिथं ‘गीगी पद’ ऐकायला मिळेल. शाहिराच्या मागं झीलकरी ‘गी गी’ म्हणतात म्हणून ते गीगी पद. हातात डफच, बाजूला तुंतुणीच. लावणीला तिकडंही लावणीच म्हणतात. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले असा सवाल-जवाब रंगायचा, कलगी शक्तीची बाजू घ्यायची, तुरा शिवाची. कन्नडात तेच भांडण नागेशी आणि हरदेशी या नावांनी चालतं. बाई मोठी की बुवा मोठा, रात्रभर. आता सांगा, हा खेळ कुणी कुणाकडून घेतला? अभ्यासक सांगतील काय ते. मला एवढंच दिसतं की जत्रेत एकाच मांडवाखाली दोन्ही फड उतरत असणार, आणि रात्री एकाच चुलीवरचा चहा पीत असणार.

नाटकाकडं बघा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूरला, आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्तीच्या बाजूला. १८८० साली त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात उभं राहिलं, तेव्हा त्यातल्या पदांना कीर्तनातल्या चाली होत्या, लावणीच्या होत्या आणि कानडी चालीही होत्या. पुण्याच्या प्रेक्षकांनी चाल कुठली म्हणून तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

किंवा बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. जन्म १९२४, घर कन्नड, पुढं श्रोते मराठी. क्षय झाला म्हणून १९४८ च्या सुमारास इंदूरजवळ देवासला जाऊन राहिले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर काय यायचं, तर माळव्यातल्या बायका आणि वाटेनं जाणारे लोक जे गात असतील ते. बरे झाल्यावर त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. इंदूर-देवासकडची आपली मराठी मंडळी हे वाचत असतील, तर त्यांनी आमच्यावर जरूर हक्क सांगावा. आम्हीही सांगतो.

आता जरा अवघड उदाहरण. मुद्दाम घेते. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत फाशी दिली ती नंदगडला. नंदगड खानापूर तालुक्यात. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पाहुण्यांच्या गावात म्हणा ना. रायण्णावर आणि कित्तूरच्या चन्नम्मावर कन्नडमध्ये लावण्या आहेत, गीगी पदं आहेत. पुतळ्यांवरून आपल्याकडं काय काय झालंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळायचं नाही. पण उद्या नंदगडची एक मराठी घरातली मुलगी आली आणि म्हणाली की आमच्या गावच्या वडाखाली म्हणतात ते गाणं मला म्हणायचंय, तर दारात बसलेला आपला कार्यकर्ता तिला काय सांगणार? गाव आपलं, झाड आपलं, गाणं त्यांचं?

आणि उलटी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही एकाच बाजूनं ढकलतेय. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. विरहाच्या गाण्याच्या साच्यात त्यांनी आपला प्रश्न बसवला. ते गाणं इथं म्हणायला कुणी आडवं आलं, तर सगळ्यात आधी मी भांडेन. ते म्हणायचा माझा हक्क मी मागते, तेव्हा नंदगडच्या मुलीचा नाकारू कसा? घटनेचं २९ वं कलम आपण रोज सांगतो. ज्यांची वेगळी भाषा, लिपी, संस्कृती आहे त्यांना ती जपण्याचा हक्क. त्यातला ‘संस्कृती’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपली संस्कृती नुसत्या मराठी शब्दांची नाही. ती पुलंच्या रावसाहेबांसारखी आहे. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कानडी, मधे एक शिवी, आणि गाण्यावर जीव. रावसाहेबांना आपल्या माईकवर बोलावलं असतं, तर ठरावाप्रमाणं त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य कापावं लागलं असतं.

ठराव आल्यावर मी त्या काकूंकडं गेले. म्हटलं, निदान त्यांना विचारावं तरी. भात झोडपून झालं होतं, अंगणात त्या गवताच्या पेंढ्या बांधत होत्या. मी कागदाचं सांगितलं. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी ते फार मनावर घेऊन विचारलं, “होय की गं, मंडळाचा नियम असंल तर पाळायला पायजे. मग तूच सांग, त्यातली कुठली ओळ गाळू?”

मग त्यांनी गाणं सावकाश म्हणून दाखवलं, एक एक ओळ. मी वही काढून लिहीत होते. मराठी ओळीत प्रश्न होता आणि कन्नड ओळीत त्याचं उत्तर. कन्नड ओळ गाळली तर देवी बोलतच नाही. मराठी ओळ ठेवून उत्तराचं भाषांतर करावं म्हटलं, तर चाल मोडते, शेवटचा झोल बसत नाही. मी अर्धा तास खटपट केली. काकू पेंढ्या बांधत बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “राहू दे. तिकडं सौंदत्तीलाच म्हणते.”

हे वाक्य मला झोंबलं. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या पुनवेला कोल्हापूर-सांगलीकडनं गाड्या भरून माणसं येतात. जोगती चौंडकं वाजवतात. मराठीत चौंडकं, कन्नडमध्ये चौडिके. ‘उदो’ दोन्हीकडं उदोच. तिथं काकूंच्या गाण्याला कुणी पावती मागत नाही. आणि आपण, जे आमच्या भाषेला दारात अडवू नका म्हणून जग हिंडतो, आपल्या माईकवर त्यांना ओळी गाळायला सांगतो.

पण यल्लम्माच्या गाण्याचं नाव निघालंय तर एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही गाणी ज्यांनी शेकडो वर्षं सांभाळली त्या जोगतिणींचं आयुष्य काही गाण्यासारखं नव्हतं. देवाला मुली सोडायची चाल, त्यातली गरिबी, त्यातली जात. कर्नाटकात त्याविरुद्ध १९८२ साली कायदा झाला, महाराष्ट्रातही नंतर झाला. मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. चांगलं केलं. पण आपल्याच माईकवर एक मुलगा चौंडक्याची नक्कल करत, डोक्यावरून पदर घेऊन, हसू आणायला जोगतिणीचं गाणं म्हणून गेला होता. शुद्ध मराठीत. ठरावाच्या कसोटीला ते गाणं शंभर टक्के उतरतं. काकू उतरत नाहीत.

म्हणून मला वाटतं, भाषा ही चुकीची चाळणी आहे. आपल्याला नियम हवाच असेल तर मॅकॉलच्या नियमातला प्रश्न तेवढा घेऊ. माईकवर येणाऱ्यानं गाण्याआधी दोन वाक्यं सांगायची: हे गाणं कुणाकडून शिकलो, आणि ते कुठं, कशाच्या वेळी म्हणतात. बास. आजीकडून, भात लावताना. मावशीकडून, बारशाला. यूट्यूबवरून, बसमध्ये बसून. यूट्यूब म्हणायला लाजायचं कारण नाही, पण तिथं गाणारी कोण होती ते नाव सांगायचं. आणि ज्याच्याकडं सांगायला काहीच नाही, त्यानं पुढच्या महिन्यात शोधून यावं. जोगतिणीची नक्कल करणाऱ्याला ही दोन वाक्यं बोलावी लागली असती, तर बघू काय बोलला असता.

हे माझं डोकं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथं ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. आपल्या पुस्तकांत एवढी वर्षं त्याच ओव्यांखाली काय छापायचे? ‘पारंपरिक’. कुणीच रचली नाही, कुणीच म्हटली नाही, आभाळातून पडली. बरं, दळण्याची गाणी कन्नडमध्येही आहेत, ‘बीसुव पद’ म्हणतात. आमच्या गल्लीत एका घरात सासू मराठी ओवी म्हणायची आणि माहेराहून कन्नड घेऊन आलेली सून तिचं. जातं एकच होतं आणि खुंटा दोघींच्या हातात. आता जातं अंगणात उलटं पडलंय, त्यावर तुळशीची कुंडी आहे. सासू गेल्या. त्यांच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. कन्नड शब्दांनी त्या बिघडल्या असतील म्हणून नव्हे, तर ते गाणं आहे असं घरात कुणाला वाटलंच नाही म्हणून.

आणि इथं मला ठरावापेक्षा मोठी अडचण दिसते. आपला माईक ओपन आहे म्हणतो आपण. यादी बघा. बहुतेक मुलगे, त्यातही कॉलेजातले, त्यातही शहरातले. बायका गात नाहीत असं नाही. विचारलं की म्हणतात, “मला कुठं गाणं येतंय गं?” आणि तीच बाई गौरीपुढं रात्री दोनपर्यंत झिम्मा खेळताना पन्नास गाणी म्हणते. तिला उभं राहून, लोखंडी दांड्याला तोंड लावून, समोर लाईट घेऊन म्हणता येत नाही एवढंच. ओवी बसून म्हणतात. खालच्या पट्टीत, दुसरीकडं तोंड करून, हाताला काम असताना. फुगडीचं गाणं तर उभं राहून म्हणताच येत नाही, दम हा त्या गाण्याचा भाग आहे. तेव्हा साऊंडवाल्या दादांना विनंती, एक माईक खाली उतरवा, शेजारी सतरंजी घाला, तिघीचौघींना मिळून बसू द्या.

पाच मिनिटांच्या नियमाचंही तेच. गिटारवाल्याला पाच मिनिटं पुरतात. पोवाड्याची नुसती मुजऱ्याची ओळ व्हायलाच तेवढा वेळ जातो. महिन्याला एकच पोवाडा ठेवा, पण त्याला वीस मिनिटं द्या.

आणि मोबाईल. काकूंच्या बाबतीत जे झालं त्याला भाषा जबाबदार नव्हती. न विचारता काढलेला तुकडा जबाबदार होता. गाणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी रेकॉर्ड करायचं नाही, आणि टाकायचं असेल तर पूर्ण गाणं, नावासकट. हे आज ठरलं, तरी निम्मं काम झालं.

ठराव मांडणाऱ्या मित्रांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर बाकी आहे. म्हणाले, दार असं उघडं ठेवलं तर दोन वर्षांनी इथं मराठी बोलायला कुणी उरेल का? भीती खोटी नाही. माझं म्हणणं, घराची भाषा मराठी ठेवू आणि ती जपायला हट्ट करू. निवेदन मराठीत, फलक मराठीत, इतिवृत्त मराठीत. कन्नड गाणं म्हणणाऱ्यानंही ती दोन वाक्यं मराठीत सांगायची, मोडकी का असेनात. नंदगडची मुलगी मराठीत सांगेल की हे गाणं आमच्या वडाखाली म्हणतात. आपण मराठीत ऐकू आणि मग गाणं ऐकू. बसस्टँडवर आपली पाटी लागावी म्हणून आपण भांडतो ते याच पाटीसाठी. इथली पाटी आपल्या हातात आहे, ती चांगल्या अक्षरात लिहू.

वेळ संपत आली. मी पर्यायी ठराव लिहून आणलाय, तो वाचते. ‘मंडळाचं सर्व कामकाज आणि निवेदन मराठीतून चालेल. ओपन माईकवर सीमाभागात गायलं जाणारं कोणतंही लोकगीत, ते ज्या भाषेत किंवा भाषांत असेल तसंच, ओळी न गाळता सादर करता येईल. गाण्याआधी गाणाऱ्यानं ते कुणाकडून शिकलं व कुठं गातात हे मराठीतून सांगावं. पूर्वपरवानगीशिवाय रेकॉर्डिंग करू नये. बसून गाणाऱ्यांसाठी वेगळी सोय करावी.’

याला अनुमोदक लागतो. माझ्याकडं एक सही आहे, आणखी दोन पाहिजेत. कागद दाराजवळच्या टेबलावर, चहाच्या थर्मासखाली ठेवलाय. विरोधात बोलणाऱ्यांनी नावं मध्यंतरातच द्यावीत, म्हणजे दुसऱ्या सत्रानंतर सगळ्यांना सारखा वेळ मिळेल. पहिलं नाव यादीत खानापूरच्या दादांचं आहे. दादा, या. आणि हो, आधी दोन वाक्यं.